एमएम ५४०: मागच्या शॉकअपचा वरचा पिन चेसीसकट फाटलाय. नुसतं वेल्डिंग पुरेल का?

वाईचा_जीपवाला

नमस्कार मंडळी. गाडी महिंद्राची एमएम ५४० जीप, १९९३ सालची. प्युजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन, चारही चाकांना पाटे (लोखंडी पानांच्या स्प्रिंगा). वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो. जोर खोऱ्यात आमचं थोडं रान आहे. बलकवडी धरणाच्या पुढे रस्ता कसा आहे ते तिकडं गेलेल्यांना सांगायला नको.

दोनेक महिन्यांपासून मागून, उजवीकडून "ठक्" असा आवाज यायचा. चाक दगडावर चढताना नाही, खड्ड्यात उतरताना. आधी वाटलं शॅकलचे (पाटा चेसीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) रबरी बुश गेले असतील. ते बदलले, पण आवाज तसाच. मग रविवारी गाडीखाली शिरलो आणि धाकट्या भावाला मागचा बंपर धरून गाडी हलवायला सांगितली. शॉकअपचा वरचा पिन चेसीला जिथे बसतो त्या ब्रॅकेटशेजारी अंगठा ठेवला, तर पत्रा अंगठ्याखाली दबत होता, सुटत होता. पोटात गोळाच आला. चिखल खरवडून तारेचा ब्रश मारला, तेव्हा ब्रॅकेटच्या खालच्या वेल्डपासून तिरकी उतरणारी एक तांबूस रेघ दिसली. साधारण २० मिलिमीटर असेल.

आता तो शॉकअप काढून ठेवलाय, गाडी जागेवर उभी आहे. गावातला वेल्डर म्हणतो, "दोन काड्या मारतो, अर्ध्या तासात मोकळा." दुसरे एक मिस्त्री म्हणतात, ब्रॅकेट कापून अख्खा नवा बसवा. काय करावं? ही गाडी मला अजून वीस वर्षं चालवायची आहे, त्यामुळे घाई नाही. काम मात्र पक्कं हवंय.

रानभैरी

माझ्या जुन्या सीजे जीपला असंच झालं होतं. वेल्ड मारून घेतला, चार वर्षं झाली, काही नाही. जास्त विचार करू नका.

जोडकाम

थांबा, इतक्यात काडी मारू नका. मी तीस वर्षं प्रेशर व्हेसलच्या कारखान्यात वेल्डिंगची तपासणी केली आहे, त्या हिशेबाने सांगतो. डोळ्याला दिसते ती चीर कधीच पूर्ण नसते. २० मिलिमीटर दिसली म्हणजे पुढे आणखी आहे असं समजून चाला. तिचं टोक सापडल्याशिवाय वेल्ड केलात तर वेल्डच्या पुढून ती पुन्हा चालायला लागेल.

टोक शोधायला डाय पेनिट्रंटचे डबे मिळतात, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर. नसतील तर आमच्या वेळची जुनी पद्धत वापरा. जागा पत्र्यापर्यंत स्वच्छ करा, रंग राहू देऊ नका. त्यावर रॉकेल लावा आणि पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या. फडक्याने अगदी कोरडं पुसा. मग शाळेचा पांढरा खडू पाण्यात कालवून पातळ थर द्या आणि वाळू द्या. चिरेत मुरलेलं रॉकेल खडूवर ओलसर रेघ होऊन वर येतं. ती जिथे थांबते ते टोक. रॉकेल मिळत नसेल तर पातळ डिझेल चालेल, फक्त जरा जास्त वेळ द्या.

आणि दुसरं, याहून महत्त्वाचं. मुळात पिन का फाटला? हे कळेपर्यंत दुरुस्ती अर्धीच. शॉकअपचं काम पाट्याची उसळी शमवायचं. त्याने चाकाला वर किंवा खाली अडवायचं नसतं. तो अडवायला लागला की अख्ख्या हौसिंगचा (दोन मागच्या चाकांना जोडणाऱ्या अॅक्सलचा) धक्का त्या एका पिनावर येतो. तुमच्या गाडीची उंची वाढवली आहे का?

वाईचा_जीपवाला

काका, खडूची युक्ती करून पाहिली. रेघ ३८ मिलिमीटर निघाली. दिसत होती त्याच्या दुपटीला जरा कमी. खाली चेसीच्या वळणापर्यंत पोचायला फक्त बोटभर जागा राहिली होती. तुम्ही सांगितलं नसतं तर मी परवाच वेल्ड मारून मोकळा झालो असतो.

उंचीचं म्हणाल तर हो. तीन वर्षांपूर्वी मोठे टायर घातले तेव्हा ते मडगार्डला घासायचे, म्हणून एका पाटेवाल्याकडे मागच्या दोन्ही पाट्यांत एकेक पान वाढवलं आणि लांब शॅकल घातली. मिळून ५० मिलिमीटर उंची वाढली. शॉकअप मात्र मूळ मापाचेच ठेवले. तेव्हा कोणी काही बोललं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

उद्यमनगर

भावा, तिथंच हाय तुझा आजार. मी कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर असतो, असल्या वाकलेल्या पिना महिन्याला दोन-तीन येत्यात. शंभरात ऐंशी गाड्यांची उंची वाढवलेली असती आणि शॉकअप जुनंच. माप घे बघू. गाडी सपाट जागेवर, चाकावर उभी असताना डावीकडच्या शॉकअपचं वरच्या बुशाच्या मध्यापासून खालच्या बुशाच्या मध्यापर्यंत किती भरतंय? मग जो काढून ठेवलाय तो पूर्ण दाबून किती आणि पूर्ण ओढून किती? तीन आकडे टाक हितं, बाकी आपोआप कळतंय.

वाईचा_जीपवाला

पूर्ण दाबून २९० मिलिमीटर. पूर्ण ओढून ४६५. गाडी उभी असताना ४३५.

उद्यमनगर

बघ आता. खाली जायला तुला ३० मिलिमीटरच राहिलंय. बोटाच्या दीड पेरापेक्षा जास्त नाही. तुझ्या रस्त्याला चाक खड्ड्यात गेलं की हौसिंग, दोन ड्रम, दोन मोठी चाकं, समदं वजन शॉकअपला लटकतंय. पाटा अजून खाली जायला तयार, पण शॉकअप संपलेला. तो "ठक्" त्याचाच. उंची वाढवायच्या आधी ३८५ वर उभी असणार, म्हणजे खाली ८० आणि वर ९५. कंपनीनं विचार करून दिलेलं माप हाय ते.

मालवणची_जिप्सी

पण मग उजवीकडचाच का फाटला? उंची दोन्हीकडे सारखीच वाढली आहे ना?

माझी जिप्सी १९९८ ची आहे आणि आयुष्य समुद्राकाठी गेलंय. आमच्याकडे गंज आतून खातो. चेसीच्या पोकळीत खारी ओल बसते, बाहेरून रंग छान दिसतो आणि पत्रा कागदासारखा झालेला असतो. म्हणून म्हणते, छोटी हातोडी घेऊन ब्रॅकेटच्या चारी बाजूंनी ठोकून बघा. चांगला पत्रा "टण्" वाजतो, खाल्लेला पत्रा "थप्" करतो. थप् आला तर वेल्डिंगचा विचार सोडा, तेवढा तुकडा कापूनच काढावा लागेल. गंजलेल्या पत्र्यावर वेल्ड धरत नाही, भोक पडत जातं.

आणि कृपा करून कोणी खालून जळकं ऑइल फवारून घेऊ नका. गंज थांबेल, पण ते ऑइल बुशांवर जाऊन रबर फुगतं आणि मऊ पडतं. माझे शॉकअपचे सगळे बुश एका पावसाळ्यात असेच गेले.

जोडकाम

ताईंनी नेमका प्रश्न विचारला. उजवीकडचाच का? जीपवाले, चेसीखाली दोन्ही बाजूंना हौसिंगच्या वर रबरी ठोकळे असतात, ते बघा. आहेत का दोन्ही?

वाईचा_जीपवाला

ठोकून बघितलं ताई, टण् वाजतोय सगळीकडे. आमच्याकडे पाऊस भरपूर, पण मीठ नाही, म्हणून वाचलो असेन.

काका, उजवीकडचा ठोकळा नाही. त्याची पत्र्याची वाटी आहे, त्यात रबराचा एक काळा चुरा राहिलाय. डावीकडचा शाबूत आहे, उंची ५० मिलिमीटर. गाडी उभी असताना त्याच्या खाली हौसिंगपर्यंत १२० मिलिमीटर मोकळे आहेत. कधी पडला काही कल्पना नाही.

जोडकाम

मग उत्तर मिळालं. डावीकडे चाक १२० मिलिमीटर वर गेलं की हौसिंग ठोकळ्याला टेकतं. रबर आणखी २० दबलं तरी १४० झाले, आणि शॉकअप पूर्ण दाबायला १४५ आहेत. थोडक्यात वाचतो. उजवीकडे ठोकळाच नाही. लोखंड लोखंडाला टेकायला १७० लागतात, पण शॉकअप १४५ ला संपतो. म्हणजे भरलेली गाडी जोरात आपटली की उजवीकडे चेसी शॉकअपवर बसते. तोच पिन चाक खाली गेलं की ओढला जातो आणि वर आलं की ठोकला जातो. एखादी तार हातात धरून पुढे-मागे वाकवली तर काही वेळाने तुटतेच ना, तसंच हे. वेल्डची कड हा सगळ्यात कमजोर भाग, म्हणून सुरुवात तिथून झाली.

(शॉकअप थोडा तिरका असतो, त्यामुळे हे आकडे दोन-चार मिलिमीटर इकडे-तिकडे होतील. निष्कर्ष बदलत नाही.)

रानभैरी

मान्य. माझ्या सीजेची उंची मी वाढवलेली नव्हती, आणि ठोकळे दोन्ही जागेवर आहेत. म्हणूनच माझा साधा वेल्ड टिकला असणार. माझा आधीचा सल्ला मागे घेतो.

पर्थहून_पराग

मी मूळचा भोरचा, गेली बारा वर्षं ऑस्ट्रेलियात. इथे शॉकअपचे माउंट तुटण्याची तऱ्हा थोडी वेगळी आहे. उत्तरेला डर्बी आणि कुनुनुरा यांच्या मध्ये गिब रिव्हर रोड म्हणून सुमारे ६६० किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे. खड्डे कमी, पण धुण्याच्या फळीसारख्या आडव्या सऱ्या मैलोन्‌मैल. तिथे एक मोठा फटका बसत नाही, लाखो बारीक फटके बसतात. शॉकअपचं तेल तापतं, त्यात हवेचे बुडबुडे होतात, मग तो काम करेनासा होतो आणि पाटा मोकाट उड्या मारायला लागतो. चांगल्या दणकट गाड्यांचे पिन तिथे मोडलेले मी पाहिलेत. उपाय एकच, टायरमधली हवा कमी करायची आणि वेग आवरायचा.

एक सवय सगळ्यांनी लावून घ्यावी अशी आहे. पन्नासेक किलोमीटर खराब रस्ता झाला की थांबा आणि चारही शॉकअपच्या अंगाला हात जवळ नेऊन बघा. एकदम धरू नका, चटका बसेल. मेहनत करणारा शॉकअप गरम असतो. एक थंड आणि जोडीदार गरम असेल, तर थंड असलेला मेलेला आहे, आणि त्याचंही काम जोडीदाराच्या पिनावर पडतंय.

सह्याद्री_फोर_बाय_फोर

या निमित्ताने शॉकअप आतल्या बाजूला तिरके करून वर एक आडवा पाइप टाकून त्यावर बसवले तर? बाहेर बऱ्याच गाड्यांना तसं करतात. लांब शॉकअप बसतात, चाकाला जास्त हालचाल मिळते.

जोडकाम

करता येतं, पण तिरकेपणाची किंमत मोजावी लागते. शॉकअप जितका आडवा होतो तितका त्याचा चाकावरचा धाक कमी होतो, आणि तो दुहेरी कमी होतो: हालचाल कमी पोचते आणि जोरही कमी पोचतो. ३० अंश कलला तर सुमारे तीन चतुर्थांश उरतो, ४५ अंशांवर निम्माच. मग कडक शॉकअप घ्यावा लागतो. शिवाय तो पाइप चेसीला जिथे जोडाल तिथे नवा ताण येणार. वाईच्या गाडीला त्याची गरज नाही. मी तर म्हणेन वाढवलेलं पान काढा, मूळ शॅकल घाला, टायर एक माप लहान करा. मूळ बनावटीत बदल करण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चीही आडकाठी आहे. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते, तेव्हा मूळ रूपातली गाडी बरी पडते.

वाईचा_जीपवाला

पटलं. उंची खाली आणतो. टायर विकायला काढलेत. आता चेसीचं काम नेमकं कसं करायचं ते सांगा, मी वेल्डरला शेजारी उभं राहून करवून घेईन.

जोडकाम

सांगतो, जरा लांब होईल.

आधी बॅटरीची दोन्ही टर्मिनलं काढा आणि अल्टरनेटरची वायरही सोडवा. ब्रेकची नळी, वायरिंग जवळ असेल तर बाजूला बांधा, डिझेलची टाकी आणि नळ्या कुठून जातात ते बघून ओलं पोतं टाका. पाण्याची बादली हाताशी. वेल्डिंगचा अर्थिंग क्लँप त्याच चेसीच्या तुकड्यावर, कामाच्या अगदी जवळ लावा. हौसिंगला किंवा चाकाला लावलात तर करंट बेअरिंगमधून जाईल आणि बेअरिंग खराब होईल. चेसी नंबर जिथे कोरलाय त्याच्या आसपास ग्राइंडर फिरकू देऊ नका.

जुना ब्रॅकेट ग्राइंडरने कापा, गॅसने नको, चेसीचा पत्रा तापून ढिला पडतो. मग चिरेच्या टोकाच्या दोन मिलिमीटर पुढे ३ मिलिमीटरचं भोक पाडा. टोकाला अणकुचीदारपणा असतो म्हणून ती पुढे धावते. भोक गोल असल्याने तिथे ती थांबते. त्यानंतर पूर्ण चीर व्ही आकारात खरवडा, पत्र्याच्या जवळजवळ पाठीपर्यंत. वेल्ड आतपर्यंत पोचला पाहिजे, वरून चढवलेली भर काही कामाची नाही.

वेल्डिंगची काडी ७०१८ जातीची, अडीच मिलिमीटरची, ७० ते ९० अँपिअरवर. ही काडी ओल धरते आणि ओली काडी वेल्डमध्ये हायड्रोजन सोडते, त्याने पुन्हा चीर पडते. म्हणून पुडा नवा फोडा किंवा काड्या भट्टीत वाळवून घ्या. वेल्डरचा हात ६०१३ या साध्या काडीवर बसलेला असेल तर आधी भंगाराच्या पत्र्यावर सराव करायला लावा. मिग (तारेचं वेल्डिंग) असेल तर आणखी उत्तम. वेल्ड ग्राइंड करून सपाट करा आणि खडू-रॉकेल पुन्हा लावा.

मग त्यावर पट्टी. चेसीच्या पत्र्याच्याच जाडीची. लोकांना जाड पट्टीचा मोह होतो. पण जाड पट्टी वाकत नाही, मग तिच्या कडेला पातळ पत्रा वाकतो आणि पुढची चीर तिथे पडते. पट्टी चौकोनी नको, पतंगासारखी कापा, कोपरे गोल करा. आणि चेसीच्या लांबीला काटकोनात, सरळ उभा जाणारा वेल्ड घालू नका. बाजू तिरक्या हव्यात, म्हणजे ताण एका रेषेत साठत नाही. वरच्या-खालच्या वळणावर तर काडी टेकवायचीच नाही.

उद्यमनगर

पिनाचं मी सांगतो. कुणीतरी तुला ८.८ ग्रेडचा कडक बोल्ट वेल्ड करून बसव म्हणून सांगंल. ऐकू नगस. त्या बोल्टाला पाणी दिलेलं (तापवून कडक केलेलं) असतंय, वेल्ड केला की मुळाशी पाणी उतरतं नाहीतर ठिसूळ होतंय. दिसायला दणकट, पण एक दिवस काडकन मोडंल.

मी असं करतो. पट्टीला साध्या एमएसची (मऊ पोलादाची) जाड भिंतीची नळी वेल्ड करायची, चेसीच्या आरपार. वेल्ड होतोय तो भाग मऊ लोखंडाचा. पिन ईएन-८ या जास्त ताकदीच्या पोलादाचा, लेथवर काढलेला, नळीतनं आरपार जाऊन पलीकडं नटानं आवळलेला. त्याला वेल्डिंग लागतच नाही. खांद्याला चौकोनी खाच ठेवायची नाही, २ मिलिमीटरची गोलाई ठेवायची, मोडायचा पिन तिथंच मोडतोय. पुढंमागं वाकला तर पाना लावून दहा मिनटात बदलायचा, चेसीला हात लावायची गरज नाही. जुन्या पिनाचा नमुना घिऊन ये, बुश बसायचा व्यास त्याच मापाचा काढून देतो.

सह्याद्री_फोर_बाय_फोर

बुश पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे) घालावेत का? टिकतात जास्त.

मालवणची_जिप्सी

मी घातले होते, काढले. टिकतात खरे. पण पाट्याच्या गाडीत एक चाक वर, एक खाली गेलं की हौसिंग तिरकं होतं आणि शॉकअपच्या कानाला पिनावर थोडं वाकडं व्हावं लागतं. रबर ते सोसतं, कडक बुश तो सगळा पीळ पिनाला देतो. रबर दोन-तीन वर्षांनी बदलायचं, स्वस्त आहे. नट आवळताना मात्र गाडी चाकावर उभी असू दे. जॅकवर असताना आवळलं तर रबर त्या लटकलेल्या स्थितीत धरून बसतं आणि गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं.

वाईचा_जीपवाला

काम झालं मंडळी, सविस्तर सांगतो.

कोल्हापूरला जाऊन दादांकडून दोन पिन करून आणले. एकाच बाजूचा लागत होता, पण त्यांनी दोन्ही काढून दिले आणि म्हणाले, "दुसरा लागंल तुला." चहा पाजला तो वेगळा.

वेल्डर सुरुवातीला वैतागला. मी भोक पाडायला लावलं तेव्हा म्हणाला, फाटलेल्यात आणखी भोक कशाला. पण चीर खरवडताना आत काळी पडलेली कड दिसली आणि तो स्वतःच थांबला. म्हणाला, ही जुनी आहे, वर्षभर तरी चालत आली असणार. त्यानंतर त्याने इतक्या मन लावून काम केलं की सरावाचे तीन तुकडे स्वतःहून जाळले आणि वाकवून तोडून बघितले. पूर्ण काम दीड दिवसाचं झालं.

वाढवलेली दोन्ही पानं काढली, मूळ शॅकल घातली, उजवीकडे नवा रबरी ठोकळा बसवला. आता गाडी उभी असताना माप ३८७. रेड ऑक्साइडचे दोन हात, वर काळा रंग. बुश रबराचेच, नट गाडी चाकावर ठेवून आवळले.

तीन आठवडे झाले, जोरला सहा फेऱ्या मारल्या, एकदा आठ पोती खत भरून. "ठक्" गेला. मागच्या सीटवर बसून आई पहिल्यांदाच म्हणाली की पाठीला धक्का बसला नाही. परागदादा, शॉकअप दोन्ही सारखेच गरम लागतात.

काल पुन्हा रॉकेल आणि खडू लावला. उजवीकडे पांढरं स्वच्छ, काही नाही. मग डावीकडचं ब्रॅकेटही घासून तिथेही लावून बघितलं. वेल्डच्या खालच्या कडेला दहाएक मिलिमीटरची ओली रेघ वर आली आहे. दुसरा पिन घरात आहेच. शनिवारी उघडतोय. काका, भोक पाडायच्या आधी फोटो टाकतो, टोक बरोबर धरलंय का तेवढं बघून सांगा.